पागोट्याची जिल्द

अमरावतीच्या बाजारात नत्थुजी जीनगराचं दुकान आणि माझं पानाचं दुकान यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. त्या कुडाला माझ्याच कृपेनं एक खिंडार पडलं होतं, त्यातून मी त्याच्याशी बोलायचो. मी खुशाल, मूळचा पातूरचा बारी, पिढीजात पानमळेवाला. माझी जीभ दिवसभर चालायची, नत्थुजीची अगदी अडलं तरच. तरी आमचं जमायचं, कारण बोलणाऱ्याला ऐकणारा लागतो, आणि त्या दिवसांत अमरावतीत ऐकणारा माणूस मिळणं मुश्कील झालं होतं. जो तो नुसता कापसाचं बोलत होता.

नत्थुजीचे वडील घोड्यांची जीनं शिवायचे. निजामाचे स्वार वऱ्हाडात होते तोवर त्यांच्या भाकरीवर तूप होतं. मग इंग्रजांचा अंमल आला, स्वार पांगले, आणि जीन शिवायचं कोणासाठी हा प्रश्न उभा राहिला. नत्थुजी तेव्हा जवान होता. एलिचपूरच्या छावणीत एक म्हातारा जिल्दगर कचेरीची दप्तरं बांधायचा, हा त्याच्या हाताखाली जाऊन बसला. चामडं ओळखीचं होतं, दाभण ओळखीचं होतं, नवा होता तो फक्त कागद. थोड्याच वर्षांत हा असा तयार झाला की उस्तादानं स्वतःचा शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी साचा, त्याला देऊन टाकला.

एक गोष्ट मात्र उस्तादानं शिकवली नाही आणि यानं विचारली नाही. नत्थुजीला अक्षरओळख नव्हती. अर्ध्या अमरावतीची पुस्तकं ज्याच्या मांडीवर उघडी पडायची, त्याला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पाहून तो पान सुलटं धरायचा. गिऱ्हाइकाला संशय येऊ नये म्हणून पुस्तक हातात आलं की ओळीवरून हळूहळू बोट फिरवायचा, मध्येच थांबायचा, मान हलवायचा. बघणाऱ्याला वाटावं, केवढा विद्वान! मला सगळं माहीत होतं. मी त्याला पंडितजी म्हणून चिडवायचो, आणि तो चिडून कात्री जरा जास्त जोरात चालवायचा.

कापसाचं सांगतो. सातासमुद्रापलीकडे गोरे आपसात लढत होते म्हणे. तिकडचा कापूस अडला, म्हणून आमचा सोन्याच्या भावानं चालला होता. ज्वारीच्या वावरात कापूस, गव्हाच्या वावरात कापूस. आमच्या पातुरात काही शहाण्यांनी पानमळे मोडायच्या गोष्टी काढल्या, तेव्हा मी त्यांना मनसोक्त शिव्या हासडल्या. बाजारात गाड्यांची रीघ लागलेली असायची. हवेत रुई एवढी उडायची, की नत्थुजीनं पुठ्ठ्याला लावलेली ओली खळ वाळेपर्यंत तिला मिशा फुटायच्या. तो बिचारा ओलं फडकं टांगून बसायचा आणि कापसाच्या नावानं खडे फोडायचा.

अशा धामधुमीत भातकुलीची मैनाबाई माळीण त्याच्या दुकानाशी आली. डोक्यावर वांग्यांची टोपली, काखेत गाठोडं. तिला मी बाजारातून ओळखत होतो. भाजी तोलताना ती काटा नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकू द्यायची.

"तुमीच का जी पुस्तकं सांधता?" तिनं विचारलं.

"हो माय."

तिनं गाठोडं सोडलं. आत पुस्तक नव्हतंच, पुस्तकाचा पाचोळा होता. जुना जाड कागद, सुटी पानं, मोडके पुठ्ठे, आणि सगळ्यात कापसाचे पुंजके अडकलेले. नत्थुजीनं एक पान उचलून माझ्याकडे धरलं. मला मोडी यायची, बाळबोध यायची, म्हणून मी मोठ्या ऐटीत खिंडारातून डोकं घातलं. अक्षरं आपलीच दिसत होती, पण वाचायला गेलं की शब्दच बनेना.

"ते आमच्या पंथाचं लेखन हाय," मैनाबाई म्हणाली. "ज्याले शिकवलं त्यालेच वाचता येते."

मग तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा पुंजाराम तरुणपणी काही वर्षं रिद्धपूरला महानुभावांच्या मठात राहिला होता. तिथं गुरूच्या तोंडून जे ऐकलं, जे पाहिलं, ते त्यानं आपल्या हातानं लिहून काढलं आणि घरी परतताना बरोबर आणलं. पुढं लग्न झालं, मळा केला. रोज सकाळी झाडांना पाणी द्यायच्या आधी तो ओट्यावर बसून त्यातलं मोठ्यानं वाचायचा आणि ही फुलं ओवता ओवता ऐकायची. पुंजाराम पटकीनं गेला. पण ती अक्षरं त्यानं मुलाला, सूर्यभानला, शिकवून ठेवली होती, आणि बाप गेल्यावर सूर्यभान वाचायला बसू लागला. त्याचा आवाज थेट बापासारखा. मैनाबाई डोळे मिटून ऐकायची आणि घरधनी गेला आहे हे तेवढा वेळ विसरायची.

मग आला कापूस. सूर्यभाननं भाव चढेल म्हणून गावातला कापूस घेऊन घरात आढ्यापर्यंत रचला. त्या ओझ्यानं भिंतीतली पोथीची फळी मोडली आणि पोथी खाली दबली. कापूस गाड्यांत भरून गेला तेव्हा ती अशी हाती लागली. सूर्यभान तोवर गाड्या घेऊन अकोल्याकडे निघूनही गेला होता. अकोल्याहून खामगाव, खामगावहून अकोला. आज येतो, उद्या येतो म्हणत तो वाऱ्यावरच होता.

"रिद्धपूरले नेऊन कोनाकडून वाचून घे ना," मी म्हटलं. मला न विचारता बोलायची खोड आहे.

"तिथं त्यायच्या पोथ्या हायत, खुशालभाऊ. ही आमच्या घरची हाय. हे ह्यायच्या आवाजात पाहिजे, नाही त सूर्यभानच्या." मग ती नत्थुजीकडे वळली. "मले अक्षर येत नाही, भाऊ. मले फक्त आवाज येते. सूर्यभान आला का तो वाचून दाखवन. तवरिक येवढी एक करून द्या."

नत्थुजी पानं चाळू लागला. एका पानाच्या घडीत पांढरी बारीक अळी वळवळत होती. त्याचा अंगठा सवयीनं तिच्यावर गेला.

"नोको भाऊ!" मैनाबाईनं भर बाजारात त्याचं मनगट धरलं. माझ्या दुकानातून विड्याचं एक पान घेतलं, अळी अलगद त्यावर घेतली आणि समोरच्या निंबाखाली नेऊन सोडली. मला हसू आवरेना. परत येऊन ती म्हणाली, "आमच्यात जीव मारत नाहीत. या पोथीले चामडं लावू नोका. ते सरस का काय म्हनते, हाडा-कातड्याचं, ते बी नोको."

"चामडं नाही, सरस नाही," नत्थुजी म्हणाला. "माहे हातच बांधून ठेवले तुमी, माय."

"आट्याची खळ असते ना?"

"असते. पन खळीत मोरचूद घालाच लागते. आटा किड्यायचं खानंच हाय. मोरचूद नाही घातला त आवतन दिल्यावानी येतीन."

"मोरचुदानं काय होते?"

"खाल्लं का मरते."

"मंग नोको."

त्यानं तिला समजावायचा प्रयत्न केला. एरवी जन्मात बोलला नाही एवढा बोलला. पुंजारामनं मुळात पोथी नुसत्या दोऱ्यानं शिवली होती, खळीचा थेंब लावला नव्हता, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. पण आता पानांच्या घड्या फाटल्या होत्या. सुटं पान शिवता येत नाही, दोन पानं कागदाच्या पट्टीनं जोडून पुन्हा घडी करावी लागते. म्हणजे पानापानाला खळ लागणार. मैनाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "जीव मारायचं काई नोको." शेवटी नत्थुजीनं गाठोड्यावर हात ठेवून शब्द दिला. गावातला दुसरा जिल्दगर कापसाच्या गोदामावर मुकादम होऊन गेला होता. ही बाई जाणार तरी कुठं होती?

आता खरी पंचाईत. पानं लावायची कोणत्या क्रमानं? ना आकडे, ना खूण, आणि अक्षर वाचणारा खामगावच्या वाटेवर.

"घ्या पंडितजी," मी खिंडारातून म्हटलं, "आता वाचा."

नत्थुजीनं एक पान उन्हात धरलं. मग दुसरं. मग केरसुणीची एक काडी मोडून घेतली. जुन्या किड्यांनी पोथीला कधीकाळी भोकं पाडली होती. किडा काही एकेक पान वाचून पुढं जात नाही, तो आरपार जातो. काडी घालून या पानावरचं भोक त्या पानावरच्या भोकाला मिळालं की ही दोन्ही शेजारी. भोक वर वर सरकत गेलं की पुढचं पान कोणतं तेही कळतं. जिथं भोक नव्हतं तिथं पाण्याचा एक जुना डाग होता, तो पानागणिक लहान होत गेला होता. नत्थुजी दिवसचे दिवस काडी घेऊन बसला. व्यापाऱ्यांच्या वह्या कोपऱ्यात पडून राहिल्या, व्यापारी येऊन ओरडून गेले. एकेक पान जागेवर बसलं की तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. त्याला मी इतका खूश कधी पाहिला नव्हता.

मग खळ शिजली. मोरचुदाची निळी पुडी त्यानं सवयीनं शेजारी काढून ठेवलेली.

"टाक रे चिमूटभर," मी म्हटलं. "तिले कोन सांगून राहिलं?"

त्यानं पुडी उचलली. बराच वेळ हातात धरली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण खरं सांगतो, मलाही आता ती पोथी जगायला हवी होती. त्यानं पुडी पुन्हा बांधली आणि फळीवर टाकली.

"शब्द देल्ला ना," तो म्हणाला.

चामड्याच्या ऐवजी मैनाबाईनं पुंजारामचं लाल पागोटं आणून दिलं होतं. धुवून धुवून मऊ झालेलं, पण रंग पक्का. नत्थुजीनं ते नव्या पुठ्ठ्यावर असं ताणून बसवलं की कुठं सुरकुती नाही. पाठ ताठ, शिवण सरळ, कोपरे घट्ट. त्याच्या हातून त्याहून चांगली जिल्द झालेली मी तरी पाहिली नाही. आत त्यानं निंबाचा पाला आणि वेखंड ठेवलं, मी तंबाखूची पानं दिली. वासानं किडा पळाला तर पळाला, त्याला मैनाबाईची हरकत नव्हती.

ती न्यायला आली तेव्हा पोथी कपाळाला लावून उभीच राहिली. कपड्यावरून हात फिरवला, नाकाशी नेला.

"सारी पानं बराबर लागली?"

"बराबर लागली, माय. खात्रीनं सांगतो."

"आमची अक्षरं लावनं कोनाचं बी काम नोहे," ती म्हणाली. "तुमी लय शिकलेले हाय, भाऊ." आणि तिनं हात जोडले.

मी कुडाआडून खाकरलो. खाली मान घालून नत्थुजी खळीचं भांडं खरवडत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला शिकलेला म्हटलं होतं. ते परत करायचं त्याच्या जिवावर आलं, आणि मी त्याला दोष देत नाही.

पावसाळा संपता संपता आम्ही भातकुलीला गेलो. नत्थुजीला राहवत नव्हतं. मैनाबाईनं नव्या फळीवर पोथी ठेवली होती, समोर शेवंतीची फुलं. आणि फळीखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, पिठासारखा बारीक भुसा. नत्थुजीनं तो चिमटीत घेऊन पाहिला. पोथी उघडली तर पट्ट्यांवर, जिथं जिथं खळ होती तिथं तिथं, अळ्या.

मग काय केलं असेल त्यानं? कोंबडीचं पीस घेतलं आणि एकेक अळी केळीच्या पानावर झाडली. मैनाबाई ते पान घेऊन मळ्याच्या टोकाला सोडून आली. पुन्हा पीस, पुन्हा पान. एवढा जिल्दगर, पण सोयऱ्यांना वेशीपर्यंत पोचवावं तसे किडे पोचवत होता. नवा पाला, नवं वेखंड घातलं. महिन्याभरानं गेलो तर पुन्हा भुसा. उन्हाळ्यात जरा बरं, पावसाळा आला की पुन्हा तेच. त्यांच्या अंड्यांना पीस पुरत नव्हतं. पट्टीवरची खळ संपली की अळ्या लिहिलेल्या कागदात शिरत होत्या.

"माय, आता तरी मोरचूद लावू द्या," नत्थुजीनं हात जोडले. "माह्याच खळीनं आनले हे. नुसती गाठोड्यात राहती त वाचली असती."

"जाऊ द्या, भाऊ. त्यायले बी पोट हाय."

"मंग नक्कल त करून घ्या कोनाकडून," मी म्हटलं.

"नक्कल कायले पाहिजे?" ती म्हणाली आणि फुलं ओवत राहिली.

तिच्या त्या निर्धास्तपणाचा मला राग यायचा. इकडे नत्थुजी खंगत चालला होता. रस्त्यात गाड्या दिसल्या की तो विचारायचा, भातकुलीचा सूर्यभान दिसला का? कोणी म्हणे अकोल्यात पाहिला, कोणी म्हणे रेल्वेच्या कामावर माल वाहतो. नत्थुजीनं निरोपावर निरोप धाडले. कापूस चढता होता तोवर एकही पोचला नाही, किंवा पोचून उपयोग झाला नाही.

मग गोऱ्यांची लढाई संपली आणि कापूस असा पडला की बाजारातले लोक एकमेकांकडे बघायला तयार होईनात. गाड्या रिकाम्या परतू लागल्या. दिवाळीच्या सुमाराला मैनाबाईचा सांगावा आला, सूर्यभान घरी आला आहे, दोघंही या.

सूर्यभान ओट्यावर आंघोळ करून बसला होता. उन्हानं काळवंडलेला, आसुडानं हाताला घट्टे पडलेला दणकट माणूस. मैनाबाईनं जवळ दौत, टाक आणि कोरे कागदही आणून ठेवले होते. ते कशाला, हे मला कळलं नाही. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले.

"वाच," ती म्हणाली.

सूर्यभाननं पोथी उघडली. पागोटं शाबूत होतं, शिवण शाबूत होती, पाठ ताठ होती. आत पानांची चाळणी झाली होती. त्याच्या मांडीवर भुसा सांडला. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा नत्थुजीकडे, आणि वाचायला लागला. आवाज खरंच भारदस्त होता. दोन शब्द वाचले की भोक. तो थांबायचा, पलीकडचा शब्द शोधायचा, पुन्हा भोक. पहिल्या पानावर तो जिथं अडला तिथं मैनाबाईनं डोळे न उघडता पुढचं म्हटलं. मला वाटलं, हिला सगळं पाठ आहे, वाचली पोथी! दुसऱ्या पानावर तिनं थोडं सांगितलं, मग तीही चाचरली. तिसऱ्या पानावर दोघंही थांबले.

मैनाबाईनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच.

"इथून पुढं तुमी सांगा, नत्थुभाऊ," ती म्हणाली. "सूर्यभान, दौत घे. भाऊ सांगतीन तसं लिहून काढ."

नत्थुजीला आधी कळलंच नाही. मला कळलं. सूर्यभाननं दौतीचं झाकण काढून टाक बुडवला आणि आज्ञाधारकपणे नत्थुजीकडे पाहू लागला.

"मी काय सांगू, माय?"

"तुमी त पानं लावली. वाचल्याबगर कोनाले लावता येते? पान न पान तुमच्या डोक्यात असन."

नत्थुजीनं सूर्यभानच्या हातातल्या टाकाकडे पाहिलं.

"मले वाचता येत नाही, माय."

"आमची अक्षरं?"

"कोनतीच नाही. मी भोकं जुळवली. या पानाचं भोक त्या पानाले. तेवढंच मले ठाऊक हाय."

मैनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. सूर्यभाननं त्याला दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, मी तर त्याचीच वाट पाहत होतो.

"मी त म्हनत होती," ती हळूच म्हणाली, "पोथी गेली त गेली, नत्थुभाऊपाशी सारी हाय. म्हनून मी घोर केला नाही."

नत्थुजीनं हात पुढं केला. सूर्यभाननं पोथी त्याच्या मांडीवर दिली. ती त्यानं सुलटी धरली, अक्षरांच्या रेघा वर करून. मग त्याचं बोट सवयीनं ओळीवरून फिरायला लागलं, हळूहळू, मध्येच थांबत, आणि एका भोकात अडकून तिथंच राहिलं. मला त्याच्याकडे बघवेना. मैनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. सूर्यभाननं दौतीचं झाकण पुन्हा लावून टाकलं.